परातीतला भूकंप

सध्या माझे तीन गेम चालू आहेत. पहिल्यात माझं वीस एकर रान आहे. भोपळा लावला की चौथ्या दिवशी काढणीला येतो आणि फवारणीचं नावसुद्धा काढावं लागत नाही. (जळकोटच्या खऱ्या रानात उभा जन्म गेल्यावर हा अनुभव फार बरा वाटतो.) दुसऱ्यात वरून पडणाऱ्या विटा रचते. हा खेळ चांगला आहे, पण सुपारी कातरता कातरता होण्यासारखा आहे. तिसऱ्यात मोटार चालवते, आणि ह्या तिसऱ्याविषयी मी चारचौघांत मत देत नाही. कारण त्या खेळापायी मी एकदा लातुरात भूकंप घडवून आणला होता.

तेव्हा आमचा बालाजी बारावीला होता. आमच्याकडे पोरगं लातूरला ट्यूशनला ठेवायचं म्हणजे एकटं ठेवत नाहीत, आई बरोबर जाते. बाप गावाकडे शेत बघतो, स्वतःची भाकरी स्वतः करपवतो, आणि आई भाड्याच्या एका खोलीत गॅस, दोन डबे, एक टेबल आणि पोराची बारावी मांडून बसते. आमची सगळी गल्लीच अशा आयांची होती. कुणाला कुणाचं नाव ठाऊक नव्हतं. मी होते ‘बालाजीची आई, जळकोट’. शेजारच्या खोलीत ‘स्वातीची आई, मुदखेड’. गल्लीत पत्र आलं तर पोस्टमन पोराच्या नावानं हाक मारायचा.

ह्यांनी मला सोडताना एवढंच म्हटलं होतं, पोरगं तुझ्या भरवशावर हाय. मी तो भरवसा फार मनावर घेतला. दिवाळीत बालाजी अहमदपूरला मामाकडे गेला आणि तिथल्या व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये सापडला, तेव्हा मी त्याला समोर बसवून तासभर झाडलं. बापाचा घाम, आईचा संसार, मामाची अब्रू, काही सोडलं नाही. शेवटी माझ्या गळ्याची शपथ घातली की निकाल लागेपर्यंत गेमला शिवायचं नाही. पोरानं मान खाली घालून शपथ घेतली. त्याचे डोळे भरून आलेले पाहून मलाही भरून आलं होतं.

त्यानंतर तिसऱ्याच आठवड्यात मला गेम लागला!

दोष माझा नव्हता. (असं मी अजूनही म्हणते.) खालच्या मजल्यावर आमच्या घरमालकीण रझियाभाभी राहायच्या. त्यांचे मियाँ घड्याळं दुरुस्त करायचे, दिवसभर दुकानात असायचे. भाभींचा भाचा नांदेडला गेमचं पार्लर चालवायचा. ते बंद करून तो पुण्याला गेला आणि जाताना एक मशीन अन् सीडींचा डबा मावशीकडे ठेवून गेला. सकाळचा डबा आणि संध्याकाळचा डबा ह्यांच्यामध्ये आम्हा आयांना चार तास मोकळे मिळायचे. आम्ही भाभींच्या घरात मेथी निवडत बसायचो. एके दिवशी भाभींनी सहज मशीन लावून दाखवलं, आणि त्या दिवशीची मेथी देठांसकट शिजली.

मग आमच्यात रोज त्याचीच चर्चा. आधी आम्ही पोरांचे मार्क विचारून एकमेकींचं काळीज जाळायचो. आता मुदखेडच्या स्वातीची आई आल्याआल्या विचारायची, काल कुठवर गेलात. ती विटांच्या खेळाची. तिचे यजमान रेल्वेत होते, सामान रचायचा नाद त्यांच्या घरात असावा. पण तिची तक्रार होती की एवढ्या विटा पडून राहिल्यात अन् गवंडी एकबी न्हाई. रझियाभाभी शेतीच्या खेळात रमल्या. शेत कधी केलं नव्हतं त्यांनी, त्यामुळे गाजर चार दिवसांत येतं ह्यावर त्यांचा विश्वास बसला. मी खूप समजावलं, पण त्या म्हणाल्या, “तुम्हारे जळकोट में नै आते होंगे.”

मी मात्र मोटारीची. आयुष्यात सायकल चालवली नव्हती, पण तिथं मी घाटात गाडी पळवायची. ह्या खेळाची खुबी अशी की गाडी धडकली की हातातलं ते रिमोट गुरगुरत थरथरायचं, थेट कोपरापर्यंत जाणवायचं. माझी गाडी फार धडकायची. सातव्या लेव्हलला एक बोगदा आहे, तो संपता संपता वळण, आणि वळणावर मी रोज भिंतीला जाऊन चिकटायची. टीव्हीचा आवाज आम्ही पूर्ण बंद ठेवायचो. वर पोरांचा अभ्यास चाले, आणि बालाजीला कळलं असतं तर माझ्या गळ्याच्या शपथेला काही किंमत राहिली नसती. परीक्षेला दोन महिने असताना पोराला दटावायचा माझा हक्कच गेला असता. गल्लीतल्या सगळ्या जणींना मी बजावलं होतं, बालाजीसमोर गेमचा ग काढायचा नाही.

आता गल्लीचा रिवाज सांगते, नाहीतर पुढचं समजणार नाही. त्र्याण्णव सालच्या खऱ्या भूकंपाला दहा-बारा वर्षं होत आली होती, तरी आमच्या भागात माणसं घरात शिरताना आधी बाहेर कसं पळायचं ते बघून ठेवायची. प्रत्येक खोलीत मांडणीच्या वरच्या फळीवर पालथा तांब्या, त्यावर ताट, ताटात दोन पेले, असा मनोरा असायचा. जमीन हलली की ताट पडणार. ताट पडलं की गॅस बंद करायचा, दाराशेजारच्या खिळ्यावरची कागदपत्रांची पिशवी उचलायची (जातीचा दाखला, रहिवासी, दहावीचा मार्कमेमो, बाकी संसार गेला तरी चालेल) आणि रस्त्यावर यायचं. जी आधी बाहेर येईल तिनं ताट बडवायचं, म्हणजे बाकीचे सावध होतात.

त्या रविवारी समोरच्या क्लासमध्ये फिजिक्सची मोठी टेस्ट होती. दोनशे पोरं पेपर लिहीत होती, त्यांत बालाजीही होता. मी भाभींकडे बोगद्यातून बाहेर येत होते, वळणावर आपटले, आणि तेवढ्यात भाभींच्या कुकरची शिट्टी झाली. भाभी नमाजला बसल्या होत्या. खाली मेथी पसरलेली. म्हणून मी रिमोट मांडणीच्या खालच्या फळीवर रिकाम्या परातीत पालथं ठेवलं आणि कुकर बघायला गेले.

पालथं ठेवल्यामुळे गाडी पळवायचं बटण दाबलेलंच राहिलं. तिकडे गाडी भिंतीला धडका देत राहिली, इकडे रिमोट परातीत थरथरायला लागलं. परात फळीवर तडतडली, फळीनं मांडणी हलवली, मांडणीनं ताटल्या नाचवल्या. मी वळून बघते तर अख्खी मांडणी हलून राहिलेली, आणि वरचं ताट पेल्यांसकट खणकन खाली!

गेम माझ्या डोक्यातून साफ गेला. मी गॅस बंद केला, भाभींना सजद्यातून ओढलं, आणि परक्याची वस्तू फुटायला नको म्हणून परातीसकट रिमोट कवटाळून बाहेर धावले. वायरीनं मागून मशीनही आलं. मशीनचा पिन निघाला आणि थरथर थांबली. हा योगायोग माझ्या ध्यानात आला नाही. रिवाजाप्रमाणे मी परात बडवायला घेतली, आणि वाजवायला हातात रिमोटच होतं.

पुढच्या दोन मिनिटांत गल्ली रस्त्यावर होती. सगळ्या आया पिशव्या काखेत मारून ताटं बडवत होत्या. समोरच्या जिन्यावरून दोनशे पोरं पेपर टाकून उतरली. फिजिक्सचे सर सगळ्यांत शेवटी आले, आणि पोरांना म्हणाले, घाबरू नका, मोकळ्या जागेत बसा, दुसरा धक्का येतो. मग त्यांनी चौकशी सुरू केली. मुदखेडच्या स्वातीच्या आईनं सांगितलं की तिची खाट वीतभर सरकली. कुणाला जमिनीतून आवाज आला होता. एका आजोबांचा पंखा बंद असताना फिरला होता. धक्का पूर्व-पश्चिम होता का दक्षिण-उत्तर ह्यावरून दोघांची जुंपली. कुणीतरी एसटीडीवरून गावाकडे फोन लावले, त्यात आमच्या ह्यांनाही कळवलं. टेस्ट रद्द झाली. आज रात्री सगळ्यांनी बाहेरच झोपायचं, आणि आठवडाभर क्लास बंद ठेवायचा, असंही ठरत आलं.

तेवढ्यात रझियाभाभींनी मला आत बोलावलं. त्यांनी मशीन जागेवर ठेवून, पिन लावून मोटारीचा खेळ चालू केला होता. त्यांनी रिमोट परातीत पालथं घातलं. मांडणी हलायला लागली. मी धावत जाऊन रिमोट उचललं.

“बालाजी की अम्मा,” भाभी म्हणाल्या, “बाहर बोलना पडता. बच्चोंका हफ्ता जाता ना.”

खरं होतं. पण बोलायचं म्हणजे बालाजीसमोर बोलायचं. मी त्याच्याकडे दारातून पाहिलं. माझं पोर गल्लीतल्या एका आजीला पाणी पाजत होतं आणि मध्ये मध्ये गर्दीत मला शोधत होतं. मला माझी इतकी लाज वाटली की सांगता सोय नाही. मी पायरीवर उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. गेम, बोगदा, परात, सगळं.

कुणी मानेना!

“मग माही खाट कशी सरकली?” स्वातीची आई म्हणाली. पंख्यावाले आजोबा तर रागावलेच. सर म्हणाले, ताईंच्या मनावर परिणाम झालाय, त्यांना बसवा. शेवटी भाभींनी टीव्ही दाराकडे फिरवला आणि मला म्हणाल्या, चलाके दिखाव. मी उंबऱ्यावर बसले, मांडीवर परात घेतली, परातीला टेकवून रिमोट धरलं. समोर दोनशे पोरं, सगळ्या आया, सर, आणि पुढच्याच रांगेत बालाजी. त्याच्याकडे बघायची माझी छाती झाली नाही.

काम सोपं होतं. नेहमीसारखं बोगद्याच्या तोंडाशी धडकायचं, परात वाजवायची, की भूकंप खोटा ठरला. गाडी निघाली. बोगदा आला. वळण आलं. आणि पुढच्या रांगेतून दबका आवाज आला, “आई, बिरेक नको मारू. डाव्या अंगानं घे, कठड्याला घासून.”

मी घेतली. गाडी वळली! दोन महिन्यांत पहिल्यांदा मी त्या बोगद्याच्या पलीकडे गेले. पलीकडे समुद्र होता, मला माहीतच नव्हतं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. परात मात्र गप्प.

“बघा,” सर म्हणाले, “कुठं वाजून राहिली परात? भूकंपच होता तो.”

म्हणजे आता मुद्दाम धडकायला हवं होतं. समोर समुद्राकाठचा सरळ रस्ता, आठवी लेव्हल हाकेच्या अंतरावर, आणि मला गाडी खांबावर घालायची होती. कुणाला पटणार नाही, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दोनशे पोरांच्या अभ्यासासाठी मी ती गाडी खांबावर घातली. परात तडतडली. लोकांनी हळहळ केली ती भूकंप गेल्याची. माझ्या लेव्हलचं कुणाला काही नव्हतं. सरांनी पोरांना वर पाठवलं आणि टेस्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. पोरं माझ्याकडे ज्या नजरेनं बघत गेली ती मी विसरलेले नाही.

दिवस मावळायच्या आत हे टेम्पोतून ताडपत्री, दोर आणि चार बांबू घेऊन हजर झाले. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, पाणी प्यायले आणि म्हणाले, “जळकोटला एक फोन लाव. आपली सगळी गल्ली शाळेच्या मैदानात बसवून आलो.”

ते परत गेले. बालाजी मला एका शब्दानं बोलला नाही. उलट दोन दिवस फार गुणी वागला, डबा स्वतः घासला. पोर किती मोठ्या मनाचं आहे म्हणून मला दाटून यायचं. तिसऱ्या दिवशी कणीक मळताना माझा हात एकदम थांबला. ह्याला ते वळण कसं ठाऊक?

तशीच, कणकेच्या हातांनी, खाली रझियाभाभींकडे गेले. भाभी गाजरं काढत होत्या. त्यांनी टीव्हीवरची नजरही हलवली नाही. “वो सुबू आता, तुम दोपहर में,” त्या म्हणाल्या. “दोनों ने मेरेको कसम डालेसो है. मैं किसकू बोलूँ?”

म्हणजे मी सकाळी भाजी आणायला गेले की हा इथं! माझ्या गळ्याची शपथ घेऊन! माझा पारा असा चढला की जिना मी तीन ढांगांत चढले. बापाचा घाम, आईचा संसार, मामाची अब्रू, सगळं ओठांवर तयार होतं. बालाजी पुस्तकातून मान वर करून माझ्याकडे बघत राहिला; त्याला कळलं होतं की मला कळलंय. मी दार लावून घेतलं, त्याच्या समोर बसले, कडक आवाज लावला आणि म्हणाले, “आता खरं खरं सांग. समुद्राच्या पुढं काय हाय?”