कारेगावचा सातवा गडी

कबड्डीच्या मैदानावर विश्वास ठेवावा तर कुणावर, सांगा बरं? पंचावर? त्याचं चहापाणी कुणी केलं ते आधी बघा!

शिरूरला माझं खेळाच्या सामानाचं दुकान. लोक बॉलमध्ये हवा भरायला येतात आणि किस्से ठेवून जातात. रांजणगावला नव्या नव्या कंपन्या आल्या, तेव्हा पुण्याहून एक मॅडम यायच्या. समाजशास्त्राच्या प्राध्यापक. खेळात वंश, जात आणि राजकारण कसं शिरतं, यावर त्यांचा अभ्यास. बसायला माझंच दुकान!

*

पहिल्याच दिवशी कारेगावच्या संघाचे कर्तेधर्ते आप्पा म्हणाले, "आमच्यात भेदभाव न्हाई मॅडम. समदी पोरं सारखीच."

मॅडमनी लिहून घेतलं.

"फक्त कॅप्टन आमच्या भावकीतला लागतो!"

*

वडगाव रासाईत एका धनगर मामांना मॅडमनी विचारलं, "तुमच्या मुलांना संघात घेतात का?"

"व्हय की! पकडी आमच्या पोरांनी करायच्या, चढाया पाटलांच्या पोरांनी. आन् कप घेताना फोटो पुढाऱ्याचा!"

*

बिरजू बिहारचा. कंपनीत कामाला, तीन वर्षं कारेगावात खोली घेऊन राहिलेला. चढाईला गेला की कुणाच्या हाती लागायचा नाही. पण मांडवगणशी मॅच ठरली आणि आप्पा अडून बसले. "बाहेरचा गडी नको!"

मॅडमनी माझ्या काउंटरवर दहा फोटो मांडले. मॅचनंतरचे, मातीनं माखलेले चेहरे. "आप्पा, यातला बाहेरचा कोण?"

आप्पांनी लगेच बोट ठेवलं. "ह्यो! तोंडावरच दिसतंय की!"

तो त्यांचा सख्खा भाचा होता.

"चष्मा घरी ऱ्हायला," आप्पा पुटपुटले. दुसऱ्या दिवशी यादीत सातवं नाव बिरजूचं!

*

मॅचला गुण लिहायला कुणी चालेना. जो तो एका ना एका गावाचा सोयरा! शेवटी दोन्ही गावांनी मॅडमना धरलं.

"अहो, मी फक्त निरीक्षण करते. मध्ये पडत नाही!"

"म्हणून तर तुम्हीच!"

कारेगाव एक गुण मागं. शेवटची चढाई बिरजूची. मला एका जागी उभं राहवेना. तो आत शिरला, गर्रकन वळला, परत आला. पंचानं गुण दिला. बरोबरी! पोरं नाचायला लागली.

बिरजू मात्र पंचापुढं उभा. "साहब, छुआ नहीं."

मग कारेगावच्याच घोळक्यातून कुणीतरी ओरडलं, "घ्या अजून बाहेरचे!"

आप्पा ताडकन उठले. ते तरातरा मॅडमच्या टेबलापाशी गेले.

"त्यो गुण खोडा. आन् बिरजूच्या नावापुढं गाव लिवा, कारेगाव. हिशेब खरा ठेवा, मॅडम."