नळाला चहा

“ज्याची टर उडवली त्यानं उलट आपली उडवायची, न्हाईतर खेळ कसला?” असं दगडू एकदा म्हणाला होता.

दगडू गुहागरकडचा, गावच्या जाखडी नाचातला शाहीर. समोरच्या शाहिरानं भर मांडवात त्याच्या टकलावर कवन करावं, यानं लगेच त्याच्या सासुरवाडीवर करावं, आणि नाच संपल्यावर दोघांनी एका ताटलीत पोहे खावेत. गप्प बसला तो हरला. रागावलेला मात्र दगडूनं कुणी पाहिला नव्हता.

दुबईत तो शटरिंगचं काम करी आणि मुहैस्नाच्या कामगार-कॅम्पात राही. शुक्रवारी दुपारी जेवणं झाली की त्याच्या खोलीतला दापोलीचा खैरुद्दीन तेलाचा डबा उलटा धरून ठेका द्यायचा आणि दगडू गायचा. बसवर, डाळीवर, स्वतःच्या फाटक्या चपलेवर.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात साइटचे सुपरवायझर साठेसाहेब खोलीत माशाचं कालवण खायला आले. पुण्याचे. मराठी माणूस आहे, उत्तर देईल, असं दगडूला वाटलं. साहेबांच्या ऑफिसात गारेगार एसी होता आणि कॅम्पातल्या नळाला उन्हानं तापलेलं कढत पाणी येई; त्यावरच त्यानं सूर लावला :

“उन्हाळ्यात हापिसात सायबाच्या अंगावर शाल असते,
आमच्या नळाला चहा येतो, पत्ती तेवढी नसते!”

खोली हसून लोळली. खैरुद्दीननं ठेका चालू ठेवला, आता साहेबांची पाळी म्हणून. साठ्यांनी हात धुतला. “मजा आहे तुमची,” म्हणाले आणि गेले. ताटात अर्धा बांगडा तसाच होता.

“दगड्या, त्याला जाखडी कुठली ठाऊक?” खैरुद्दीन म्हणाला.

“मराठी कळते ना?”

“तेच तर वाईट झालं.”

दगडूची गावी जायची रजा तेव्हा जवळ आली होती. तो इकडे आल्यावर झालेली त्याची मुलगी, स्वप्नाली, आता बोलू लागली होती आणि फोनवर त्याला ‘दुबई’ अशी हाक मारायची. त्याचा पासपोर्ट कंपनीच्या ऑफिसात जमा. रजेवर सही साठ्यांची.

“लीव्ह प्रोसेसमध्ये आहे रे. नेक्स्ट मंथ, इन्शाल्ला,” साठे म्हणाले.

पुढच्या महिन्यातही इन्शाल्लाच. त्याच्याबरोबर आलेले गावी जाऊन परतसुद्धा आले.

“हिवाळ्यात मेसमध्ये पार्टी आहे,” खैरुद्दीन म्हणाला. “सायबाची स्तुती गा. चार लोकांत पाणउतारा झाला, चार लोकांतच फेड.”

दगडूनं आयुष्यात कुणाची स्तुती केली नव्हती. आठवडाभर फळ्या ठोकताना तो पुटपुटत राहिला. गोड शब्द जुळवताना त्याला मनापासून गोड वाटायलाही लागलं. पार्टीत तो उभा राहिला, हात जोडले, आणि थट्टेचा लवलेश नसलेल्या आवाजात गायला :

“सायेब आमचा देवमाणूस, मायेचा पाझर,
हाक मारता धावून येतो, रातंदिस हजर!”

मागच्या बाकावर कुणीतरी फस्सकन हसलं. मग सगळी मेस हसली. दगडू गातोय म्हणजे टरच असणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शिट्ट्या झाल्या. “वाह उस्ताद! और एक!”

“खरं सांगतोय मी!” दगडू ओरडला. त्यावर आणखी मोठा हशा.

साठे उठले. “मस्ती जिरली नाही अजून? आता रजेचं नाव काढू नकोस. खलास.”

खैरुद्दीन डब्यावर ठेका देत राहिला. त्याला थांबायचं सुचेना. टोमण्याला दगडूचं उत्तर आलं नाही असं कधी झालं नव्हतं, म्हणून मेसही वाट पाहू लागली. दाराशी काढलेल्या चपलांच्या ढिगातून दगडूनं आपली फाटकी जोडी शोधली, पायात घातली, आणि एक शब्द न बोलता बाहेर निघून गेला.