लडकूकाकांच्या खाचरातला गहू

दिघाशी गावात लडकूकाकांचा सल्ला कुणी मागत नाही. मागायच्या आधीच तो मिळालेला असतो. सारा जन्म भातात काढलेल्या या माणसानं यंदा बोअरच्या पाण्यावर गहू पेरला, तोही पैजेवर. मुलगा हितेश याला दोन्ही खाचरांत मुरूम टाकून गोडाऊनच्या ट्रकांसाठी पार्किंग करायचं होतं. ठरलं असं, की गहू पिकला तर शेत, नाही तर पार्किंग.

पेरतानाच काकांनी मिश्रखत मातीआड केलं. "मुळांना लागतं ते मुळांपाशी. वर शिंपडून काय, पाखरांना?" युरिया मात्र निम्माच दिला. उरलेला पहिल्या पाण्याच्या वेळी, रोपाला नवी मुळं फुटताना द्यायचा, म्हणून राखला.

इथवर काका पुस्तकाबरहुकूम. मग हाताची सवय आडवी आली. पहिलं पाणी देताना त्यांनी बांध लिंपले आणि भातासारखी दोन्ही खाचरं तुडुंब भरली. बघता बघता गहू पिवळा पडला.

"बाबा, उपाशी हाय तो. युरिया मारा," हितेश म्हणाला.

"उपाशी न्हाय, बुडतोय. बुडत्याला कोन जेवाया वाढतो?"

"बुडवला कोनी?"

"मीच. म्हनून तर वलखलं!"

काकांनी वरच्या खाचराचा बांध ओढ्याच्या बाजूनं फोडला. खालचं हितेशकडे सोपवलं. "घे, तुज्या हातानं वाढ." हितेशनं साचल्या पाण्यातच युरिया फेकला आणि फोटोही काढला. काका मात्र पाणी ओसरून वाफसा येण्याची, माती मोकळी होण्याची वाट बघत बांधावर बसून राहिले.

"पोराचं वाढून झालं," कमळकाकी म्हणाल्या, "तुमी अजून पाटच मांडताव!"

पाय रुतेनासा झाला तेव्हा काकांनी राखलेला युरिया देऊन कोळपणी केली. वरचा गहू तरारला, फुटव्यांनी दाटला. खालचा पिवळाच राहिला. तिथला युरिया पाण्याबरोबर कुठे मुरला, ते फोटोतही दिसेना.

मळणीला वरच्या खाचराच्या गोण्या रचताना हितेशची पाठ भरून आली. खालच्याचं धान्य काकींनी सुपात घेतलं, फुंकलं आणि कोंबड्यांकडे वळवलं.

हितेशनं गोडाऊनवाल्याला फोन लावला. "भाई, गाडी कहीं और लगाओ. इधर गेहूं है."

काकांनी लगेच त्याच्या हातात फावडं दिलं. खालच्या खाचराचा बांध अजून फोडायचा राहिला होता.