हैदराबादहून आलेला ताप

माझं लहानपण चुडाव्यात गेलं, पण आठवणी विचाराल तर त्या हैदराबादच्या आहेत. वसतिगृहाच्या फाटकातून बाहेर पडलं की डाव्या हाताला इराण्याचं हॉटेल. तिथं संगमरवरी फरशीची टेबलं, आणि चहा बशीत ओतून प्यायलं तरी कुणी हसत नाही. पुढं गेलं की पुस्तकांची दुकानं, मग घड्याळाचा मनोरा, मग नदीवरचा पूल. पुलावरून दोन मजली मोटार जाते आणि वरच्या मजल्यावर बसलं की नदी पायाखालून वाहते असं वाटतं. खोलीत छताला विजेचा पंखा. उन्हाळ्यात बर्फ घातलेलं सरबत.

हे सगळं मला पाठ होतं आणि यातलं काहीएक मी पाहिलेलं नव्हतं. पाहिलं होतं माझ्या थोरल्या भावानं, अण्णानं. लग्नानंतर मी एकदा हैदराबादला गेले, तेव्हा ते दुसरंच कुठलं तरी गाव निघालं. माझं हैदराबाद पत्रातून यायचं.

आमचं दुकान स्टेशनच्या वाटेवर होतं. तेल, मीठ, गूळ, शेंगदाणे आणि आल्यागेल्याला बसायला ओटा. आप्पांना, म्हणजे वडिलांना, मोडी येत होती. त्यांच्या कपाळाची विभूती आणि दुकानाची चोपडी या दोन गोष्टी कधी चुकल्या नाहीत. पण राज्य निजामाचं, शिक्षण, म्हणजे तालीम, उर्दूतलं. म्हणून अण्णा दहा वर्षांचा झाल्यावर त्याला परभणीच्या शाळेत घालायचं ठरलं, आणि त्याआधी उर्दूची ओळख व्हावी म्हणून एक म्हातारे मुन्शीजी ओट्यावर शिकवायला येऊ लागले. मी सहा वर्षांची. अण्णाच्या समोर बसून तुरीची डाळ निवडायची, हे माझं काम. तो ओळीखाली बोट फिरवत मोठ्यानं वाचायचा आणि मी डाळीतले खडे सोडून त्याच्या बोटाकडं बघायची.

पुस्तक त्याच्याकडं सरळ, म्हणजे माझ्याकडं उलटं. त्यामुळं मी उर्दू शिकले ती उलटी. उर्दू उजवीकडून डावीकडं जाते म्हणतात, पण मला ती डावीकडून उजवीकडंच गेली, आपल्या मराठीसारखी. फक्त पानाच्या तळापासून सुरू व्हायची आणि माथ्याला संपायची. मुन्शीजींच्या हे ध्यानात आलं तेव्हा ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. "आप्पासाब, तुमचा पोरगा सीधा शिकतोय, पोरगी उलटी, पण पोरगी जल्दी शिकतीय," असं म्हणाले. आप्पा म्हणाले, "तिला काय करायचंय? डाळ निवडली का?"

डाळ निवडली होती. पण त्या दिवशी अण्णाबद्दल माझ्या पोटात जे दुखायला लागलं, ते आजतागायत पूर्ण थांबलेलं नाही. आता त्याला सूनजावई आले, मलाही आले. तरी तो कुणाला "आमच्या कॉलेजात" म्हणून सांगायला लागला की माझी पोळी तव्यावर करपते.

तर अण्णा परभणीला गेला, सुट्टीत येऊन मिरवला, मॅट्रिक झाला आणि पुढं हैदराबादच्या कॉलेजात गेला. जाताना अंगात नवी शेरवानी. माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणाला, "ए नकटे, तिकडून तुला काय आणू?" मी म्हणाले, "काय नको." मला सगळंच पाहिजे होतं.

तिथून पत्रं येऊ लागली, ती उर्दूत. मराठी आता हाताला लागत नाही, असं त्यानं पहिल्याच पत्रात कळवलं होतं. अण्णाला शिष्टपणा करायला कधी जागा कमी पडत नसे. पहिली दोन पत्रं स्टेशनातल्या बाबूंनी वाचून दाखवली. पण घरचं बोलणं फलाटावर व्हावं हे आप्पांना रुचेना. तिसरं पत्र आलं तेव्हा मी म्हणाले, "मी वाचते." आणि कागद उलटा धरला.

"थट्टा करायलीस का?" म्हणून आप्पांनी हात उगारला. तो खाली यायच्या आत मी तळाच्या ओळीपासून वाचायला लागले. मग त्यांनी हात तसाच डोक्याच्या मागं नेऊन मान खाजवली.

त्या दिवसापासून महिन्या-दीड महिन्याला एक संध्याकाळ माझी होती. पत्र आलं की माय, म्हणजे आई, चूल शेजारणीवर सोपवून बाहेर यायची. मग ती शेजारीणही चूल सोडून यायची. ओट्यावर पाच-सहा जणं गोळा. मी मध्ये. मनात उर्दू वाचायची आणि तोंडानं मराठी सांगायची. तेवढा वेळ मला कुणी पाणी आण म्हणत नसे. शाळा नव्हती, दप्तर नव्हतं. माझं कॉलेज म्हणजे ती संध्याकाळ.

पण वाचून झालं की कौतुक कुणाचं? अण्णाचं. "काय लेकरू हाय बाई! पंख्याखाली झोपतंय." मी घशाला कोरड पडेपर्यंत त्याचा पंखा फिरवायचा, आणि वारा लागायचा त्याला.

म्हणून मी पत्रात थोडं मीठ घालायला लागले. त्यानं लिहिलं होतं, खोलीत छान वारा येतो. मी वाचलं, खोलीत डास लय हायेत. त्यानं लिहिलं, इतिहासात वर्गात पहिला आलो. मी वाचलं, इतिहासात कसाबसा पास झालो. वाटलं, आता तरी माणसं गप्प बसतील. पण मायेनं लगेच साखर वाटली. "पास झाला ना? मग लय झालं." कसाबसा पास झालेल्याची साखर मीच घरोघर देऊन आले.

मग एका पत्रात त्यानं दोन पानं भरून वनभोजन लिहिलं. दोस्त, तलाव, नाव, नावेत बसून गाणी. नाव! आमच्या विहिरीत कासवसुद्धा नव्हतं. माझं तेरावं लागलं होतं, घरात माझ्यासाठी स्थळांची बोलणी सुरू होती, आणि हा नावेत बसून गाणी म्हणतोय. माझं डोकं फिरलं. मी कागद नीट धरला, म्हणजे उलटा धरला, आणि एका दमात सांगून टाकलं: इथलं जेवण मानवत नाही, दोन्ही वेळा भातच. संध्याकाळी अंगात कणकण येते. वाळलोय. मायेची आठवण येते.

मायेनं डोळ्याला पदर लावला. "माझ्या लेकराला ताप येयलाय," म्हणाली आणि आत गेली. त्या रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी महादेवाच्या देवळात जाऊन अण्णाचा ताप उतरेपर्यंत तूप सोडलं आणि जंगमांना, म्हणजे आमच्या गुरुजींना, पुरणाचं जेवण घालायचं कबूल केलं.

मला वाईट वाटलं का? थोडं. पण जास्त बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, एक खोटं सांगूनच तर हे सगळं झालं होतं.

चौथ्या दिवशी आप्पा म्हणाले, "मी जातो आन् त्याला घेऊन येतो. बास झाली ती तालीम. दुकान काय वाईट हाय? घरचं खाईल, दुकानात बसंल."

"आणाच," माय म्हणाली.

मला मनातल्या मनात उड्या माराव्यात असं झालं. अण्णा शेरवानी उतरवून गूळ फोडायला बसेल! पंखा नाही, तलाव नाही, आमच्यासारखाच घामानं निथळत. मी त्याच आनंदात रात्री अंथरुणावर पडले, आणि पडल्या पडल्या एकदम ध्यानात आलं की अण्णा घरी आला म्हणजे पत्रं बंद.

पत्रं बंद, म्हणजे ओट्यावरची संध्याकाळ बंद. घड्याळाचा मनोरा बंद, पूल बंद, दोन मजली मोटार बंद. पुढच्या वर्षी माझं लग्न होणार, आणि त्याच्या आत जेवढं हैदराबाद मला मिळणार होतं तेवढं मी स्वतःच्या तोंडानं बंद करून बसले होते. अण्णाचं कॉलेज बुडेल हे मला नंतर सुचलं. आधी माझंच बुडताना दिसलं. हेही खरं तेच सांगते.

सकाळच्या गाडीनं आप्पा निघाले. मायेनं धपाटे आणि जवसाची चटणी बांधून दिली. ते गठुडं उचलायला मी सोबत. वाटभर मी तोंड उघडायची आणि मिटायची. कबूल केलं तर पत्र वाचणं माझ्याकडून जाणार, बाबूंकडं जाणार. नाही केलं तर पत्रच येणार नाही. फलाटावर पोचलो. आप्पांनी तिकीट काढलं. लांबून शिट्टी ऐकू आली, तेव्हा मी म्हणाले:

"आप्पा, अण्णाला ताप न्हाई."

"उतरला म्हणतीस? तुला काय सपान पडलं?"

"आलाच न्हवता. पत्रात न्हवतं ते. मी माझ्या मनानं सांगितलं."

आप्पा माझ्याकडं बघतच राहिले. "मग पत्रात काय होतं?"

"तलावात नावेत बसला होता. गाणी म्हणत होता."

"आन् आधीचं? डास?"

"डास न्हाईत. वारा हाय. इतिहासात पयला आलाय."

मला वाटलं आता बसणार कानाखाली. मी गालही थोडा पुढं केला, म्हणजे एकदाचं होऊन जाईल. पण आप्पांचा हात उठला तो फेट्याकडं. आणि तेव्हा मी त्यांच्याकडं नीट बघितलं. फेटा नवा होता. धोतर लग्नकार्याचं. पायातला जोडा तेल लावून चकचकीत. आजारी लेकाला आणायला निघालेला बाप असा निघत नाही.

गाडी आत आली. आप्पा गाडीकडं बघत होते आणि मी त्यांच्याकडं.

"आता काय करायचं आप्पा? घरी चलायचं?"

"चलायचं काय?" ते एकदम खेकसले. मग इकडंतिकडं बघून आवाज बारीक केला. "तिकीट काढलंय ना. आन् ह्ये बघ, घरी गेल्यावर काय बोलू नको. ताप हाय. मी बघून येतो."

"पर ताप न्हाई..."

"हाय म्हणतो ना मी! गप गठुडं दे. नाव कुठं असती म्हणालीस? गावातच का लांब?"

"लांब. मोटारीनं जावं लागतंय. वरच्या मजल्यावर बसा आप्पा, नदी दिसती."

"बसतो," आप्पा म्हणाले, आणि डब्यात चढले. खिडकीतून म्हणाले, "मायेला सांग, काळजी करू नको." चेहरा असा गंभीर केला होता की क्षणभर मलाच वाटलं, अण्णाला खरंच ताप आहे.

गाडी नांदेडच्या बाजूला दिसेनाशी होईपर्यंत मी फलाटावर उभी राहिले. आतापर्यंत मला एकट्या अण्णाचा हेवा वाटायचा. त्या सकाळी त्यात आप्पांची भर पडली, आणि त्यांना गाडीत बसवून देणारी मीच. माझ्या तोंडच्या तापावर आप्पा हैदराबादला निघाले आणि मी धपाट्यांचा वास येणारा हात हुंगत घरी आले.

आठ दिवसांनी आले. एकटेच. माय धावत दारात. आप्पांनी जोडे काढले, पाय धुतले, विभूती लावली आणि सावकाश म्हणाले, "उतरला ताप. मी गेलो आन् उतरला. राहू दे त्याला तिथंच, तालीम चांगली हाय." माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पत्रांचं वाचन माझ्याकडंच राहिलं. त्याचा विषयही निघाला नाही. कसा निघेल? माझं खोटं आता निम्मं त्यांचं होतं.

मायेनं तूप खायला सुरुवात केली आणि सोमवारी जंगमांचं जेवण ठरलं. जो ताप कधी आलाच नाही, तो उतरल्याचं पुरण वाटायला पाट्यावर मला बसवलं. तक्रार कुणाकडं करणार?

मी आत पुरण वाटत होते आणि बाहेर ओट्यावर आप्पा पाहुण्यांना हैदराबाद सांगत होते. काय रंगले होते! आमच्याकडं साध्या बाजाराची हकीकतसुद्धा तीन शब्दांत सांगणारा माणूस. बर्फ हातात धरला तर कसा चावतो ते सांगितलं. इराण्याचा चहा सांगितला. दोन मजली मोटारीत वर बसलो, नदी पायाखालून गेली, म्हणाले. ते माझं वाक्य होतं.

"मग पूल ओलांडला," आप्पा सांगत होते, "आन् पल्याड घड्याळाचा मनोरा..."

माझ्याच्यानं राहवलं नाही. पुरणानं भरलेले हात घेऊन मी दारात आले. "पल्याड न्हाई आप्पा. वसतिगृहाकडून जाताना मनोरा पयला लागतो, मग पूल."

ओट्यावरचे सगळे माझ्याकडं वळले. एक पाहुणे हसून म्हणाले, "आगं बया! तू कवा गेलतीस हैदराबादला?"

मी आप्पांकडं बघितलं. त्यांनी फेटा सारखा केला, खाकरले, आणि मला ओळखतच नसल्यासारखे पाहुण्यांना म्हणाले, "तिला कुठलं म्हाईत? पोरगी हाय, चुडाव्याच्या भाईर गेली न्हाई कधी. तर मी काय सांगायलो होतो... पल्याड मनोरा."

मी आत येऊन पुन्हा पाट्यापुढं बसले. थोड्या वेळानं माय म्हणाली, "हळू गं. पुरण वाटायलीस का कुणाचा जीव घ्यायलीस?"