चाळीस बायांना एक बिल्ला

अकोल्याच्या एका डाळमिलमध्ये ललिताबाई तायडे अठरा वर्षं सरकत्या पट्ट्यावरच्या तूरडाळीतले खडे वेचतात. यंदा मालकानं बाथरूमला जायला पितळी बिल्ला काढला. बाया चाळीस, बिल्ला एक. तो जिच्या गळ्यात, तिनंच जायचं. बाकीच्यांनी पोट आवळून डाळ बघायची. डाळीला पॉलिश मारून विकणाऱ्या डोक्यातून निघालेली अक्कल ही!

सोमवारी सात महिन्यांची पोटुशी सीमा रडकुंडीला आली. बिल्ला नेलेली बाई परतली नव्हती. ललिताबाईंनी सरळ पट्टा बंद केला.

“काहून बंद केला?” सुपरवायझर शिवम धावला.

“आमी जाऊन राहिलो. साऱ्याच.”

“मावशी, एका टायमाले एकच जाते!”

“मंग तू वेच खडे. सीमाच्या पोटातलं लेकरू तुह्या मालकाले इचारून हालते का रे?”

सगळ्या बाया उठल्या. संध्याकाळी मालकानं ललिताबाईंना कामावरून काढलं. आज तीन दिवस त्या फाटकाबाहेर बसल्या आहेत आणि उरलेल्या एकोणचाळीस जणी त्यांच्याशिवाय आत जायला तयार नाहीत.

मालक म्हणतो, बाया माजल्या. माजल्या म्हणजे काय, तर त्यांना लघवी लागली.