साठ ग्रॅम कमी भरलेलं डंबेल

वजनमाप खात्यातल्या तपासनीस साहेबांनी आयुष्याची सव्वीस वर्षं दुसऱ्यांची वजनं तपासण्यात घालवली होती. त्यांचं स्वतःचं वजन मात्र कोणी तपासावं इतकं कधी भरलंच नाही. देहयष्टी छत्रीसारखी: उभी, बारीक आणि वारा आला की उलटी होईल अशी. त्यामुळे वयाच्या बावन्नाव्या वर्षी एका रविवारी साहेब दहा-दहा किलोची दोन डंबेल्स घेऊन घरी आले तेव्हा बायकोने आधी डंबेल्सकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"ही कोणाची?"

"माझी."

"आणली कोणी?"

"टॅक्सीवाल्याने."

"जिन्यावरून वर?"

"त्यानेच."

"म्हणजे व्यायाम त्याचा झाला की!"

खरं कारण साहेबांनी सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच. गावाबाहेर एका भंगारशेठचं मोठं आवार होतं आणि तिथे जमिनीत बसवलेला मोठा काटा होता. त्याच्यावर वीस-वीस किलोची दहा प्रमाण वजनं एकेक करून चढवायची आणि प्रत्येक वेळी काटा किती दाखवतो ते तक्त्यात लिहायचं, ही तपासणीची रीत. वजन ठेवायचं खात्याच्याच माणसाने, स्वतःच्या हाताने. "मालकाच्या माणसाचा हात लागला की वजनाला पाय फुटतात," असं त्यांचे पहिले साहेब सांगत. पूर्वी खात्याचा एक मदतनीस उचलायला असे. तो निवृत्त झाला आणि त्याच्या जागी खात्याने एक पत्र नेमलं: "पद भरण्याची कार्यवाही सुरू आहे." पत्राला वीस किलो उचलता येत नाहीत.

गेल्या वर्षी साहेबांनी पाच वजनं कशीबशी चढवली आणि कमरेतून जुन्या दारासारखा आवाज आला. भंगारशेठने लगबगीने खुर्ची आणली, थंड पाणी आणलं. "साहेब, बसा हो. शंभराला शंभर दाखवतोय ना? मग दोनशेला काय वेगळं दाखवणार? काट्याला काय मन असतं बदलायला?" साहेब बसले. पाणी प्यायले. आणि तक्त्यातली दहाच्या दहा घरं भरून त्यांनी खाली सही ठोकली. ती सही तेव्हापासून माशाच्या काट्यासारखी घशात अडकली होती. आता फेरतपासणीला तीन महिने उरले होते.

तर रविवारी संध्याकाळी साहेबांनी बाह्या सरसावल्या. जो माणूस जन्मभर विसांत वावरला त्याने काय दोनापासून सुरुवात करायची? त्यांनी दोन्ही हातांत दहा-दहा किलो धरले, डोळे मिटले आणि झटका दिला. डंबेल्स कानापर्यंत पोचली. तिथून खाली कशी आली ते साहेबांना आठवत नाही. पलंगाला आठवतं, त्याचा एक पाय तेव्हापासून तिरका आहे.

पुढचे तीन दिवस हात खांद्याच्या वर जाईनात. सदऱ्याची बटणं बायकोने लावली. दात घासताना ब्रश एका जागी स्थिर धरून साहेबांनी मान हलवली. केस विंचरण्याचा प्रश्न नव्हता, कारण मुळात केसांचाच नव्हता.

मुलगी संध्याकाळी रुग्णालयातून आली. मोडलेल्या माणसांना पुन्हा चालतं-फिरतं करणं हे तिचं कामच. बापाची अवस्था पाहून तिने आधी पोटभर हसून घेतलं आणि मग स्वतःची दोन-दोन किलोची जांभळी डंबेल्स त्यांच्यासमोर ठेवली.

"बाबा, यांनी सुरुवात. पाठ सरळ, वाकायचं ते गुडघ्यातून, उचलताना श्वास बाहेर. दहा वेळा करायचं, मिनिटभर थांबायचं, असे तीन सेट. आणि एक दिवसाआड सुट्टी. स्नायू सुट्टीच्या दिवशीच वाढतात."

"हे वाक्य आमच्या कचेरीत लावायला हवं," साहेब म्हणाले. "तिथे सगळ्यांचे वाढतायत."

दुसऱ्या दिवशी मात्र एक भानगड झाली. साहेब ती डंबेल्स पिशवीत घालून कचेरीत घेऊन गेले आणि तपासणीच्या काट्यावर ठेवली. एक बरोबर दोन किलो. दुसरं एक किलो नऊशे चाळीस. घरी येऊन त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि जाहीर केलं, "मी हे उचलणार नाही. साठ ग्रॅम कमी आहे."

"बाबा, साठ ग्रॅमने काय फरक पडतो?"

बायकोने पोळपाटावरचा हात थांबवला. हा प्रश्न साहेबांना आजवर फक्त एका भाजीवाल्याने विचारला होता आणि त्याने नंतर गल्लीच बदलली.

"तीन सेट, दहा-दहा वेळा," साहेब हळू आवाजात म्हणाले. "म्हणजे दर खेपेला माझा डावा हात उजव्यापेक्षा एक किलो आठशे ग्रॅम कमी काम करणार. आणि पगार दोघांना सारखाच?"

शेवटी हार्डवेअरच्या दुकानातून लोखंडी वायसर आणून, ते तोलून, बरोबर साठ ग्रॅम भरतील एवढे त्यांनी चिकटपट्टीने डंबेलला गुंडाळले. मगच व्यायाम सुरू झाला.

आणि गंमत म्हणजे, तो चालू राहिला. दोनाचे पाच झाले. साहेब आरशासमोर उभे राहून "हूऽऽ" करून श्वास सोडत तेव्हा बायको स्वयंपाकघरातून ओरडे, "कुकरची शिट्टी समजून गॅस बंद केला मी!" दहा किलोची ती मूळ जोडी मात्र घरकामाला लागली होती. एक बाल्कनीच्या दाराला, एक तिरक्या पलंगाखाली. पण सहा आठवडे उलटले तरी नवऱ्याचा उत्साह ओसरत नाही म्हटल्यावर बायकोला वेगळाच वास येऊ लागला.

"कचेरीत कोणी नवीन आलीय का?"

"आलीय."

"कोण?"

"छपाईची मशीन. मोठी. कागद खाते."

"अहो, खरं सांगा. या वयात कोणाला दंड दाखवायचेत?"

साहेबांनी पाच किलो हळूच खाली ठेवले आणि खरं सांगितलं. खुर्ची, पाणी, सही, सगळं.

बायकोने बोटांवर हिशोब केला. मग म्हणाली, "पाच ठेवलीत आणि दहाची सही केलीत?"

"हो."

"तुम्ही? साठ ग्रॅमवाले?"

याच्यापेक्षा साहेबांना तीन दिवस हात वर न जाण्याचं दुखणं परवडलं असतं. बायको उठली, बाल्कनीच्या दाराचं डंबेल आणलं, पलंगाखालचं ओढून काढलं आणि दोन्ही त्यांच्या पायाशी ठेवली. "दाराला उद्यापासून वीट लावते. ही घ्या."

फेरतपासणीच्या दिवशी भंगारशेठ खुर्ची आणि पाण्याची बाटली घेऊन आधीच तयार होता. "या साहेब! यंदाही पाचात उरकू."

साहेब खात्याच्या गाडीच्या मागे गेले, गुडघ्यात वाकले, पाठ सरळ ठेवली आणि पहिलं वजन उचललं. "हूऽऽ." शेठ दचकून मागे सरला. एक, दोन, तीन. पाचव्याला कमरेने जुनी ओळख दाखवली. साहेबांनी मिनिटभर उभ्यानेच दम घेतला. सहा, सात. एकशे चाळीसला एकशे चाळीस. आठवं ठेवलं आणि काट्याने एकशे अठ्ठावन्न दाखवले. साहेबांनी चष्मा पुसला. नववं ठेवलं. दहावं उचलताना पाय लटपटले, सदऱ्याचं एक बटण उडून भंगारात गेलं आणि कायमचं शेठच्या मालकीचं झालं. पण वजन काट्यावर बसलं.

दोनशेला एकशे शहाण्णव.

हातगाडीवाल्यांचा थोडाथोडका माल एकशे चाळीसच्या आत बरोबर भरत होता. ज्यांनी भरभरून आणला त्यांचाच कापला जात होता. काट्याला मन होतं तर.

"साहेब," शेठ खुर्ची पुढे करत म्हणाला, "चार किलोने काय फरक पडतो?"

साहेबांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्या भाजीवाल्याला, जिथे असेल तिथे, ठसका लागला असावा. मग त्यांनी काटा बंद करून सील ठोकलं, तक्ता भरला आणि खाली एक ओळ जादा लिहिली: "गेल्या वर्षी पाचच वजनं ठेवली होती. दहाची सही माझी चूक." ही ओळ लिहायला दहाव्या वजनापेक्षा जास्त वेळ लागला.

शेठची माणसं वजनं गाडीत ठेवायला पुढे झाली.

"हात लावायचा नाही," साहेब म्हणाले. "माझा दुसरा सेट बाकी आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब पुन्हा ब्रश स्थिर धरून मान हलवत होते. बायको उडालेल्या बटणाच्या जागी नवं बटण लावत होती.

"खात्याची नोटीस येणार मला," साहेब फेसातून म्हणाले.

"येऊ द्या. कागदच तो. साठ ग्रॅमसुद्धा भरायचा नाही."

साहेबांनी चूळ भरली, क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "लिफाफ्यासकट तोलून बघावा लागेल."