अप्पांचं काळीज

वडिलांची, म्हणजे अप्पांची, अँजिओग्राफी चालू असताना डॉक्टरांनी आईला आणि मला काचेअलीकडच्या खोलीत बोलावलं. पडद्यावर काळी रेघ उमटली, तिला भराभर फांद्या फुटल्या आणि क्षणात सगळं पुसलं गेलं. आत सोडलेलं औषध जिथवर पोचतं तेवढंच दिसतं, बाकी सगळं धुकं. माणसंही आपल्याला अशीच दिसतात. आपण ओतू तेवढीच. आईने ओतणं केव्हाच सोडलं होतं.

"इथे अडलंय. आत्ताच स्टेंट घालू," डॉक्टर म्हणाले.

आईने चष्मा सारखा केला. "आणि यात काळीज कुठंय?"

"ते यात दिसत नाही, काकू. नुसत्या रक्तवाहिन्या दिसतात."

"वाटलंच मला."

या माणसाला काळीज नाही, हे ती लग्न झाल्यापासून सांगत आली होती.

तेव्हा माझं लक्ष गेलं. समोरचा माईक चालूच होता, आणि काचेपलीकडे टेबलावर अप्पा पूर्ण जागे होते. अशा वेळी काळजाचा ठोका चुकतो म्हणतात. मी मॉनिटरवरच्या हिरव्या रेघेकडे बघत राहिलो.

एकही ठोका चुकला नाही.